भोक बुजवायच्या आधी आत कोण आहे ते बघा

छपराच्या कडेला, भिंत संपते आणि लाकडी पट्टी सुरू होते तिथं, तीन बोटं जातील एवढी फट पडली होती. पाणी आत मुरतंय असं वाटायला लागलं म्हणून एका दुपारी मी शिडी लावली, फोमचा डबा घेतला आणि फट गच्च भरून टाकली, दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी आमची कुत्री त्या भिंतीपाशी येऊन बसली, कान ताठ, मान एकदा इकडे एकदा तिकडे, जेवायला हाक मारली तरी हलली नाही, रात्रभर तिथंच. मला वाटलं उंदीर असेल कुठंतरी. सकाळी बाहेर आले तर एक खार त्या पट्टीवर नुसती खालीवर पळत होती, ओरडत होती आणि फोम कुरतडायचा प्रयत्न करत होती, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुरीनं फोम कापून काढला तर आत तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली, त्यातलं एक गार पडलं होतं, ते गेलं. दोन जिवंत होती. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्यात ठेवली, वर पिल्लं ठेवली, खोकं फटीजवळच बांधलं आणि कुत्रीला आत घेऊन दार लावलं. तासाभरात आईनं एकेक करून दोघांना तोंडात धरून दुसरीकडे नेलं.

त्या दिवसापासून घरातलं कुठलंही भोक बुजवायच्या आधी आत कोण राहतंय ते मी बघते. कसं बघायचं, मग काय वापरून बुजवायचं आणि हे सगळं घरात कुत्रं-मांजर असताना कसं करायचं, ते इथं लिहितेय. थोडं लांबेल, पण एकदा वाचून ठेवा, कारण जेव्हा गरज पडते तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

आवाज कधी येतो ते आधी लिहून ठेवा

खरंच, दोन दिवस कागदावर वेळ लिहून ठेवा. दिवसा, विशेषतः सकाळी, धावपळीचा आवाज येत असेल तर खार किंवा पक्षी. रात्री घरात सामसूम झाल्यावर कुरतडल्यासारखं, खरवडल्यासारखं येत असेल तर उंदीर. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाच्या आत बारीक चिवचिव आणि फडफड, आणि मग एकदम शांतता, असं असेल तर वटवाघळं, ती त्या वेळेला बाहेर पडतात. अशा वेळी अंगणात उभं राहून छपराच्या कडेकडे बघत राहिलात तर कुठून बाहेर येतात ते नेमकं दिसतं, टॉर्च मारायची गरज नाही, अजून उजेड असतो. आणि कान लावल्यावर सलग गुणगुण ऐकू आली आणि भिंतीचा तेवढा भाग हाताला कोमट लागला तर आत मधमाश्या आहेत, तिथं तर काहीच करू नका, त्याबद्दल पुढं सांगते.

दुसरी युक्ती कागदाची. वर्तमानपत्राचा कागद चुरगाळून भोकात हलकाच कोंबून ठेवायचा, घट्ट नाही, आतल्याला ढकलता आला पाहिजे. तीन दिवस थांबायचं. कागद बाहेर पडला किंवा फाटला तर कोणीतरी ये-जा करतंय, जसाच्या तसा राहिला तर बहुतेक रिकामं आहे. पण कडाक्याच्या थंडीत या युक्तीवर विश्वास ठेवू नका, कारण थंड हवेच्या भागात वटवाघळं आठवडेच्या आठवडे निपचित झोपून असतात, ती कागदाला हातही लावणार नाहीत आणि तुम्ही त्यांना आत चिणून टाकाल. पावसा-वादळाचे दिवसही यात धरू नका, तेव्हा बरेच प्राणी बाहेरच पडत नाहीत.

भोकाच्या तोंडाशी पिठाचा पातळ थर पसरला की पावलं उमटतात, ते पण छान कळतं. पावडर, चुना वगैरे वापरू नका, कुत्रं-मांजर चाटतं.

लेंड्या बघा. छोट्या उंदराच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार. मोठ्या उंदराच्या दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत. वटवाघळाच्या पहिल्या नजरेला उंदरासारख्याच वाटतात पण काडीनं दाबलं की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे दिसतात, उंदराच्या सुकून दगड झालेल्या असतात. हातानं दाबू नका, काडी घ्या. उंदीर रोज एकाच वाटेनं जातात त्यामुळे भोकाच्या कडेला तेलकट काळा डाग पडतो, तो दिसला म्हणजे वाट जुनी आहे.

आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे घरातलं जनावर. आपल्याला ऐकू येत नाही असे बारीक आवाज कुत्र्या-मांजरांना ऐकू येतात, उंदीर एकमेकांशी ज्या उंच पट्टीत बोलतात ती मांजराला सहज कळते. मांजर एका कोपऱ्याकडे तासभर बघत बसलं असेल तर ते उगाच बसलेलं नाही. त्याला हाकलू नका, बरोबर कुठल्या जागेकडे बघतंय तिथं पेन्सिलनं खूण करून ठेवा. माझ्या कुत्रीनं मला त्या रात्री सगळं सांगितलं होतं.

पिल्लं असतील तर थांबा

इथं कोणी ऐकत नाही म्हणून जरा जोर देऊन सांगते. आत पिल्लं असतील तर काम पुढं ढकला. चिमणीची अंडी साधारण दोन आठवड्यांत उबतात आणि पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लं उडून जातात, म्हणजे जेमतेम महिनाभराचा प्रश्न आहे. कबुतराला अंडी उबवायला अठरा-एकोणीस दिवस आणि पिल्लं मोठी व्हायला पुढं महिना लागतो. वटवाघळाची मादी बहुतेक वेळा वर्षातून एकच पिल्लू देते आणि ते उडायला लागेपर्यंत काही आठवडे जातात, तोपर्यंत ते आतच टांगलेलं असतं. आईला बाहेर ठेवून भोक बंद केलंत तर आत पिल्लू मरतं आणि महिनाभर घरात वास येतो, माश्या येतात, म्हणजे दया वगैरे बाजूला ठेवली तरी तुमच्याच घराचं नुकसान आहे. शिवाय वापरातलं घरटं किंवा वटवाघळांची जागा मोडणं बऱ्याच देशांत कायद्यानं गुन्हा आहे, तुमच्याकडे काय नियम आहे ते वनखात्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला एक फोन करून विचारून घ्या.

पिल्लं उडाली, अंगात बळ आलं, की मग एकतर्फी वाट करायची. वटवाघळांसाठी हे अगदी सोपं आहे. भोकाच्या वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना बारीक जाळी चिकटवायची, खालची बाजू मोकळी सोडायची आणि जाळी भोकाच्या खाली निदान हातभर लोंबू द्यायची. वटवाघूळ आतून सरपटत येतं, जाळीच्या खालून बाहेर पडतं, आणि परत येताना थेट भोकापाशी उतरायला बघतं, तिथं जाळी असते म्हणून आत जाता येत नाही. आठवडाभर तशीच ठेवा, एक-दोन रात्रींत काढू नका, कारण सगळी एकाच रात्री बाहेर पडत नाहीत. मग अंगणात उभं राहून बघा, संध्याकाळी कोणी निघालं नाही तर जाळी काढून त्याच दिवशी भोक बंद.

काय भरायचं

नुसता फोम भरू नका. ही चूक अनुभवी लोकसुद्धा करतात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला कुरतडावंच लागतं आणि फोम म्हणजे त्याच्यासाठी पाव. फोम थंडी-वारा अडवायला ठीक आहे, जनावर अडवायला नाही.

मापं लक्षात ठेवा. छोटा उंदीर साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतून जातो, म्हणजे पेन्सिल आत गेली तर उंदीर जाणार. मोठ्या उंदराच्या पिल्लाला १२ मिलिमीटर पुरतं, म्हणजे करंगळी गेली तरी पुरे. त्यामुळे मी खिशात पेन्सिल ठेवूनच घराभोवती फेरी मारते, जिथं जाते तिथं खूण.

छोट्या फटीत स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी, भांडी घासायची असते तीच, उलगडून स्क्रू ड्रायव्हरनं ठासून भरायची आणि वरून सिलिकॉन किंवा सिमेंटचं लिंपण. साधं स्टील वूल पण चालतं पण ते ओलाव्यानं गंजतं आणि दोन वर्षांत चुरा होतो, भिंतीवर तपकिरी ओघळ येतात ते वेगळंच. मोठं भोक असेल तर ६ मिलिमीटर घरांची वेल्डेड जाळी भोकापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठी कापा, वॉशर घालून स्क्रूनं घट्ट बसवा आणि मग प्लास्टर. खिळ्यांनी ठोकली तर कोपरा उचकटून आत शिरतात. दाराखालच्या फटीला ब्रशची किंवा रबराची पट्टी मिळते, ती लावताना दार लावून आतून दिवा बंद करा आणि बाहेरून कोणालातरी टॉर्च मारायला सांगा, जिथून उजेड आत येतो तिथं अजून फट आहे.

नळाचे, ड्रेनेजचे, एसीचे पाइप भिंतीतून जातात तिथं आणि सिंकच्या कपाटाच्या मागं आधी बघा, गवंडी तिथं नेहमी मोठं भोक पाडतो आणि कपाटानं झाकतं म्हणून कोणी लिंपत नाही.

दोन ठिकाणी मात्र बुजवायचं नाही. एक, हवा येण्याजाण्यासाठी मुद्दाम ठेवलेली भोकं. गॅसचा गिझर, हीटर, शेगडी असलेल्या खोलीतलं व्हेंट बंद केलं तर कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं मरतात, त्याला वास नसतो, कळत नाही. तिथं जाळी लावा, लिंपू नका, आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीला तर जाळीसुद्धा स्वतः लावू नका, ते काम जाणकाराकडून करून घ्या. दुसरं, मधमाश्यांचं तोंड. ते बंद केलं तर त्या दुसरी वाट शोधतात आणि बऱ्याचदा ती वाट तुमच्या बेडरूममध्ये उघडते. फवारा मारून मारल्या तर आतलं पोळं राखायला कोणी उरत नाही, मध वितळून भिंतीतून पाझरतो आणि मग मुंग्या, उंदीर सगळे येतात. पोळं काढणाऱ्यालाच बोलवा. झाडाच्या फांदीवर एकदम आलेला घोळका असेल तर तो बहुतेक एक-दोन दिवसांत आपणहून निघून जातो, तेवढे दिवस कुत्र्याला त्या बाजूला सोडू नका.

क्रम असा ठेवा की उंदरांची मुख्य वाट सोडून बाकी सगळी भोकं आधी बंद करायची, मग आत पिंजरे किंवा सापळे लावून चार-पाच दिवस बघायचं, आणि शेवटी मुख्य भोक. वायर जाते अशा भोकात हात किंवा स्क्रू ड्रायव्हर घालायच्या आधी मेन स्विच बंद, कारण उंदरांनी वायरचं प्लास्टिक सोललेलं असू शकतं.

काम चालू असताना कुत्रं-मांजर कुठं असेल ते आधी ठरवा

एक खोली ठरवा, त्यात पाणी, अंथरूण, मांजर असेल तर मातीचा ट्रे, दारावर मोठ्या अक्षरात कागद लावा की दार उघडू नये. कामगार येत-जात राहतात, दार उघडं राहतं, ड्रिलच्या आवाजानं घाबरलेलं मांजर एका क्षणात रस्त्यावर असतं आणि मग घाबरलेलं असल्यामुळे तुमच्या हाकेलाही येत नाही.

ओलं सिमेंट त्वचा भाजतं, ते इतकं अल्कली असतं. कुत्रं ओल्या फरशीवरून चाललं तर लगेच पंजे भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा, बोटांच्या मधे पण, नाही तर ते चाटणार आणि जीभ-तोंड भाजणार. ऑइल पेंट अंगाला लागला तर टर्पेंटाइन, थिनर कधीही लावू नका, लागलेले केस कापून टाका, कातडीला लागला असेल तर खाण्याचं तेल चोळून मग साबण. फुगणारा पॉलियुरेथेनचा गोंद असतो त्याची नळी कुत्र्यांना चघळायला फार आवडते आणि तो पोटात ओलावा मिळाला की फुगून दगड होतो, मग ऑपरेशनशिवाय निघत नाही. असं काही खाल्लंय असा नुसता संशय आला तरी उलटी करवायला जाऊ नका, थेट डॉक्टर. जुन्या घराचा जुना रंग खरवडत असाल तर त्यात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका, पाणी मारून ओलं खरवडा आणि पोरांना, कुत्र्या-मांजरांना त्या धुळीपासून लांब ठेवा, मांजर तर अंगावर बसलेली सगळी धूळ चाटूनच काढतं.

आणि मांजरं मोजा. फॉल्स सीलिंगचा तुकडा, पाइपचं डक्ट, सिंकमागची फळी, काहीही बंद करायच्या आधी घरातलं प्रत्येक मांजर डोळ्यांनी बघा. आतच असेल कुठंतरी, असं म्हणू नका. आमच्याकडे छताचा शेवटचा चौकोन बसवताना मी हट्टानं थांबवलं कारण धाकटं मांजर दिसत नव्हतं, सगळे वैतागले, पाऊण तास शोधलं, आणि ते छताच्या पार दुसऱ्या टोकाला आवाजाला घाबरून अंग चोरून बसलेलं होतं, हाक मारली तरी हूं की चूं नाही. ओल्या खाण्याची वाटी ठेवून सगळे बाहेर गेलो तेव्हा कुठं खाली आलं.

डांबराच्या गोळ्या भोकात टाकायची पद्धत आहे ना, ती पण सोडा. त्यानं ना उंदीर जात ना साप, आणि एखाद-दुसरी गोळी छोट्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पोटात गेली तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

विषाबद्दल

घरात जनावर असेल तर उंदराचं विष आणू नका, एवढंच खरं तर पुरेसं आहे, पण का ते सांगते कारण दुकानात "पाळीव प्राण्यांना सुरक्षित" असं ऐकून लोक घेऊन येतात.

बरीचशी विषं रक्त गोठू न देणारी असतात. वॉरफरिन १९४० च्या दशकाच्या शेवटी वापरात आलं, काही वर्षांतच उंदरांना ते पचायला लागलं, म्हणून १९७० च्या दशकात ब्रोडिफॅकमसारखी जास्त जहाल विषं निघाली. ही एकदा खाल्ली तरी पुरतात आणि यकृतात महिनोन् महिने राहतात. उंदीर खाल्ल्यावर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, खात राहतो, आणि तोच मांजराच्या, कुत्र्याच्या, घुबडाच्या तोंडी सापडतो. एका घुबडाचं जोडपं पिल्लं वाढवताना शेकड्यानं उंदीर मारतं, म्हणजे तुम्ही विष घालून तुमचा फुकटचा राखणदारच मारता.

कुत्र्यानं विष खाल्लं तर पहिले दोन-तीन दिवस त्याला काहीही होत नाही, हेच सगळ्यात फसवं. शरीरातला आधीचा साठा संपेपर्यंत रक्त गोठत राहतं. मग एकदम मलूल, हिरड्या पांढऱ्या, खोकला, नाकातून किंवा शीतून रक्त, पोट फुगलेलं. तेव्हा पळापळ करण्यापेक्षा खाल्लंय कळल्या क्षणी पाकीट घेऊन डॉक्टरकडे जा. पाकीट फार महत्त्वाचं, कारण व्हिटॅमिन के वन हा उतारा फक्त याच जातीच्या विषावर चालतो आणि तो काही आठवडे द्यावा लागतो, मधेच बरं दिसतंय म्हणून थांबवायचा नाही. ब्रोमेथॅलिन नावाच्या दुसऱ्या विषावर उतारा नाही, ते मेंदूवर जातं. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिसळलं की विषारी वायू तयार होतो, त्यामुळे ते खाल्लेल्या कुत्र्याला वाटेत काही खायला देऊ नका आणि गाडीत उलटी झाली तर खिडक्या उघडा, तो वायू तुमच्याही छातीत जातो.

चिकट पाट्या पण नको. त्यात उंदरापेक्षा पाली, छोटे साप, पाखरं, आणि कधी घरातलंच मांजराचं पिल्लू अडकतं, तासन् तास तडफडतं. कोणी अडकलेलं दिसलं तर ओढू नका, कातडी सोलून निघते. पाटीच्या मोकळ्या भागावर कागद दाबा म्हणजे आणखी चिकटणार नाही, मग चिकटलेल्या जागी खाण्याचं तेल थोडं थोडं ओतत बोटांनी हळूहळू सोडवा, जाड हातमोजे घालून. स्प्रिंगचा सापळा किंवा पिंजरा वापरा, असा खोक्यात ठेवा की कुत्र्याचं नाक आत जाणार नाही, आणि रोज दोनदा बघा.

समोरासमोर आलात तर

वटवाघूळ खोलीत शिरलं तर आधी कुत्रं-मांजर बाहेर काढा, खोलीचं आतलं दार लावा, खिडक्या सताड उघडा, पंखा बंद, दिवा बंद. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत ते स्वतः बाहेर जातं. भिंतीला बसलेलं असेल तर त्यावर डबा ठेवून मागून पुठ्ठा सरकवा, उघड्या हातानं कधीच धरू नका. त्या खोलीत कोणी झोपलेलं असेल, लहान मूल असेल, किंवा मांजरानं ते तोंडात धरलेलं असेल तर वटवाघूळ सोडायच्या आधी डॉक्टरला विचारा, त्याचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण दिसतही नाही. कुठलंही सस्तन जनावर चावलं, ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि मग लगेच रेबीजच्या लसीसाठी जायचं. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, लस त्याच्या आधीच घ्यावी लागते. कुत्र्याची लस वेळेवर दिलेली असली तरी त्याला जंगली जनावर चावलं तर डॉक्टर सांगतील तो जादा डोस द्या.

साप दिसला की पहिला हात कुत्र्याच्या पट्ट्याला. सापाकडे नंतर बघा. बहुतेक कुत्र्यांना चावतो तो थोबाडावर किंवा पुढच्या पायावर, म्हणजे कुत्रंच त्याच्यावर गेलेलं असतं. कुत्र्याला दुसऱ्या खोलीत बंद करून मग सापापासून लांब, निदान तीन मीटर तरी, उभं राहून नजर ठेवा, नजरेआड होऊ देऊ नका. बाहेर जायला मोकळी वाट असेल तर जाऊ द्या. खोलीतच राहिला तर दार लावा, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, सर्पमित्राला बोलवा. मारायला जाऊ नका, साप मारायला, धरायला गेल्यामुळेच कितीतरी लोकांना दंश होतो. आणि साप घरात आला म्हणजे बहुतेक उंदरामागं आला, म्हणजे परत पेन्सिल घेऊन फेरी मारायची वेळ आली आहे.

कुत्र्याला चावलाच तर चालवू नका, उचलून न्या, पट्टा काढा कारण मान सुजते, आवळून बांधू नका, चिरा मारू नका, बर्फ लावू नका. वाटेतूनच दवाखान्यात फोन करा आणि प्रतिविष आहे का विचारा, नसेल तर तिथं जाऊन वेळ घालवण्यापेक्षा जिथं आहे तिथं जा.

कुत्र्याची दुसऱ्या जनावराशी जुंपली तर मधे हात घालू नका. पाण्याचा पाइप, बादली, पातेल्यावर पळी, वर जाड चादर टाकणं, यातलं काहीतरी. सुटल्यावर केस बाजूला करून बोटांनी सगळं अंग चाचपा, दाताचं भोक वरून टाचणीएवढं दिसतं आणि आत खोल असतं, दोन दिवसांत पू होतो. बेडूक किंवा भेक (खरबरीत कातडीचा बेडूक) तोंडात धरून तोंडाला फेस आला असेल तर डोकं खाली करून तोंडाच्या बाजूनं पाणी सोडा, घशात जाऊ देऊ नका, हिरड्या ओल्या फडक्यानं पुसा.

पाखराचं पिल्लू जमिनीवर दिसलं की लोक लगेच उचलून घरी आणतात. अंगावर पिसं असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय, आईबाप आसपासच आहेत. जवळच्या झुडपात ठेवा आणि चार दिवस मांजर घरात ठेवा, एवढीच मदत. अंगावर पिसंच नसतील तर घरट्यात परत ठेवा, माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही. घरटंच पडलं असेल तर तळाला भोकं पाडलेली छोटी टोपली त्याच फांदीला बांधा. चोचीत पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. मांजरानं धरलेलं पाखरू मात्र वरून ठणठणीत दिसलं तरी डॉक्टरकडेच न्या, मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी ते दोन-तीन दिवसांत मरतं. काचेवर आपटलेलं असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात तास-दोन तास ठेवा, सारखं उघडून बघू नका, मग बाहेर नेऊन उघडा. आणि त्या काचेवर बाहेरच्या बाजूनं ठिपके चिकटवा, दोन ठिपक्यांत पाच सेंटीमीटर अंतर, एकच मोठं स्टिकर लावून उपयोग नाही, पाखरं त्याच्या बाजूनं घुसतात.

शेवटी साफसफाई

माळ्यावरच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, व्हॅक्युम पण नको, ती धूळ छातीत जाते आणि उंदरांपासून होणारे काही आजार तसेच लागतात. अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा, मास्क आणि रबरी हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून सगळं भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कागदानं उचलून पिशवीत. मांजराच्या मुताची जागा ब्लीचनं पुसू नका, मुतात अमोनिया असतो आणि दोन्ही मिळून घुसमटवणारा वायू होतो, तिथं आधी साधं पाणी. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो म्हणून कुत्र्याच्या लसींमध्ये तो आहे का ते एकदा कार्डावर बघून घ्या, आणि बाहेर ठेवलेली पाण्याची, खाण्याची भांडी रात्री आत घ्या.

बुजवलेल्या प्रत्येक जागेवर तारीख लिहून ठेवा आणि महिन्यानं परत पेन्सिल घेऊन फिरा. माझ्या पहिल्या फेरीत अकरा जागा सापडल्या होत्या, महिन्यानं दोन परत उघडलेल्या होत्या, दोन्ही ठिकाणी आळस करून जाळीऐवजी नुसतं लिंपलं होतं. कुत्रीला बरोबर घेते मी फेरीला. ती जिथं थांबते आणि मान वाकडी करते तिथं त्या दिवशी काही भरायचं नाही, आधी कागद कोंबून तीन दिवस थांबायचं.